स्वतःच्याच रक्ताचा रिपोर्ट मिळवताना

रबाळे एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात मी मिक्सिंगला आहे. टोल्युइन, झायलीन ही सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करणारी रसायनं, रोजचीच. 2023 च्या पावसाळ्यात सारखी तहान आणि थकवा, म्हणून कोपरखैरण्याच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, 6.8 निघालं. 6.5 पासून पुढे मधुमेहच. गोळ्या सुरू करून मॅडम म्हणाल्या, "कंपनीत दरवर्षी रक्त तपासतात ना? जुने रिपोर्ट आणा, साखर कधीपासून चढतेय ते बघू."

इथेच गाडं अडलं. दरवर्षी कॅम्प लागतो, सुई टोचतात, पण रिपोर्ट कधी कुणा कामगाराच्या हातात आलेला नाही. एचआर म्हणे, "तो कंपनीचा रेकॉर्ड आहे." टाइम ऑफिसने सेफ्टीकडे पाठवलं, सेफ्टीने कंपनीच्या डॉक्टरांकडे. ते ठरावीक दुपारीच येणार. नाइट संपवून, न झोपता मी त्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसायचो आणि "पुढच्या वेळी बघू" ऐकून घरी यायचो. रक्त माझं, आजार माझा, आणि कागद साहेबांच्या कपाटात! आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी युनियनचे काका म्हणाले, "तोंडी मागू नकोस, अर्ज दे." तेव्हा लागू होता कारखाने अधिनियम 1948, कलम 41-सी: धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी मालकाने ठेवायच्या आणि त्या कामगाराला पाहता आल्या पाहिजेत. रंगाचे कारखाने त्या कायद्यातल्या धोकादायक उद्योगांच्या यादीत होते. अर्जाखाली 'प्रत: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय' (कारखान्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) असं लिहिलं. पोच द्यायला क्लार्क तयार नव्हता. शिक्का पडेपर्यंत मी टेबलासमोरून हललो नाही. त्यानंतर मात्र झेरॉक्स आपोआप निघाल्या.

उपाशीपोटीची साखर एका वर्षी 97, मग 109, मग 118. तिन्ही कागदांवर खाली जांभळा शिक्का: 'फिट'. 100 च्या वर गेली तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर मी तेव्हाच सावध झालो असतो.

मॅडमनी सांगितलं, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन पहाटे वाढतं, रात्री उतरतं. नाइटमध्ये ते चक्र बिघडतं. ते वाढलेलं राहिलं की लिव्हर रक्तात जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा असर कमी पडतो. सॉल्व्हंटमुळेच मधुमेह झाला असं त्या म्हणाल्या नाहीत. अंगात झायलीन किती जातंय ते लघवीच्या तपासणीत कळतं, पण नमुना शिफ्ट संपताना द्यायचा. सुट्टीच्या दिवशी दिला तर उपयोग नाही. कॉर्टिसोल तपासायला गेलात तर लॅबला आपली शिफ्ट आधी सांगा.

आता त्या जुन्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या आहेत, तेव्हा अर्जात आजचं कलम विचारून घाला. आणि हो, डॉक्टरकडे जाण्याआधी ड्रमवरच्या लेबलचा फोटो काढून न्या. नुसतं "थिनर" म्हटलं तर त्यांना काही कळत नाही.