आमची वाटचाल: देवगड, स्प्लिट आणि रोज सकाळी बिशेवो

सकाळी सहाला क्रोएशियातल्या स्प्लिटच्या धक्क्यावर, आमच्या सहलीच्या बोटीवर आलो की माझं पहिलं काम ठरलेलं. दोन्ही इंजिनं चालू करायची आणि मागे वाकून धार बघायची. आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाच्या, बगलेतून पाण्याची करंगळीएवढी धार जोरात पडली की इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, ठीक आहे, इंजिनाला थंड पाणी पोचतंय. धार तुटक पडली किंवा हाताला चटका बसेल इतकी गरम लागली, तर त्या दिवशी बोट धक्का सोडत नाही, मग बारा माणसं पैसे भरून उभी असली तरी. हा आमचा बारावा सीझन. हा नियम एकदाही मोडलेला नाही. आमच्यावर जी वेळ आली ती इंजिनाच्या वेगळ्याच भागातून आली, जिथे रोज डोळा पोचत नाही. ते पुढे सांगतोच.

मी देवगडचा. वडिलांची मासेमारीची होडी होती. मी मरीन इंजिनियरिंग करून मर्चंट नेव्हीत गेलो. २०११च्या हिवाळ्यात आमचं जहाज दुरुस्तीसाठी क्रोएशियात, स्प्लिटजवळच्या एका यार्डात अडीच महिने पडून होतं. तिथे पंपांच्या कामाला बाहेरून एक म्हातारा मेकॅनिक यायचा. सगळे त्याला बार्बा म्हणायचे. डाल्मेशियाच्या, म्हणजे स्प्लिटच्या भागातल्या, किनाऱ्यावर बार्बा म्हणजे काका, आणि मुरलेल्या दर्यावर्दीलाही बार्बाच म्हणतात. आपल्याकडे होडीच्या तांडेलाला, म्हणजे म्होरक्याला, जो मान, तोच. बार्बा व्हीस बेटावरच्या कोमिझा गावचा. व्हीसवर युगोस्लाव्ह लष्कराचा तळ होता, म्हणून १९८९पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाऊल ठेवायची बंदी होती. अशा गावात वाढलेल्या माणसाने एका कोकण्याला भागीदार करून घेतलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

जहाजाची नोकरी सोडून २०१४ला मी आणि बायको इथे आलो. माझी शिल्लक आणि बार्बाचे हात, एवढ्या भांडवलावर नऊ मीटरची एक जुनी रिब (फायबरचा तळ आणि कडेने हवा भरलेली रबरी ट्यूब असलेली बोट) घेतली, मागे दोनशे हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. परवाना बारा प्रवाशांचा, कारण इथल्या कायद्यात छोट्या बोटीवर त्याहून जास्त चालत नाहीत. मार्ग पहिल्या दिवसापासून तोच आहे. सकाळी साडेसातला स्प्लिट सोडायचं, दीड तासात बिशेवो बेट, तिथे निळी गुहा. मग व्हीसची स्टिनिवा खाडी, बुदिकोवात्सचं उथळ निळं पाणी, पाक्लेनी बेटांवर जेवण, दुपारी ह्वार गाव आणि संध्याकाळी परत. पाक्लेनी म्हणजे नरकाची बेटं असं सगळे गाईड ठोकून देतात. नाव खरं तर 'पाक्लिना'वरून आलंय. पाक्लिना म्हणजे पाइनच्या झाडाची राळ, पूर्वी लाकडी बोटींना लावायचे. राळ आणि तेलात वाढलेल्या कोकणी माणसाला हे नाव लगेच पटतं.

बार्बाची हत्यारांची पेटी हीच आमची खरी दौलत. त्यात ऑलिव्हच्या लाकडाचा एक मोगरा, म्हणजे हातोडा, आहे, बोटीच्या फळ्यांमध्ये कापूस ठोकायचा, त्याच्या आजोबांचा. रबरी बोटीवर त्याचा काही उपयोग नाही, तरी तो पेटीत असतोच. लांब चोचीची पितळी तेलाची बुधली आहे. टॉर्क पाना माझा, जहाजावरून आणलेला. आणि लाल रंगाची एक छोटी बाटली. गिअरकेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या गिअरच्या डब्याचा, ड्रेन स्क्रू (तेल काढायचा) आवळून झाला की बार्बा स्क्रूच्या डोक्यावरून केसवर अशी एक बारीक लाल रेघ ओढतो. स्क्रू कोणी फिरवला की रेघ तुटते. कोणी काही सांगायची गरज उरत नाही.

ट्यूबला ठिगळ लावायचं ते बुरा वाहत असेल त्याच दिवशी, हेही त्याच्याकडूनच शिकलो. बुरा म्हणजे ईशान्येचा कोरडा, गार वारा. हवेत दमटपणा असला की हायपॅलॉनला, म्हणजे ट्यूबच्या रबरी कापडाला, गोंद धरत नाही. आज लावलेलं ठिगळ जुलैत सुटतं, तेही नेमकं भर समुद्रात. दोन हात गोंद द्यायचा, मधे पुरतं वाळू द्यायचं, मग दाबायचं. घाई करणाऱ्याने हे काम हातात घेऊ नये.

वाऱ्यांचं इथे असं आहे. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून माएस्त्राल उठतो, तो आपला खारा वारा, रोज येणारा आणि ओळखीचा. युगो आग्नेयेचा. तो दोन-तीन दिवस हळूहळू वाढत जातो आणि लाटा मोठ्या करतो. निळ्या गुहेचं तोंड पूर्वेला आहे, म्हणून युगो आला की गुहा बंद. तोंड जेमतेम दीड मीटर उंच. १८८४मध्ये ते फोडून बोटीपुरतं मोठं केलं, त्याआधी आत शिरायला पाण्याखालूनच वाट होती. ऊन अजूनही त्या पाण्याखालच्या भोकातून आत येतं, तळाच्या पांढऱ्या दगडावर आपटतं आणि सगळी गुहा निळी होते. अकरा-बाराच्या सुमाराला सगळ्यात सुंदर. पण लाट असेल तर त्या तोंडातून कोणाला आत नेणं म्हणजे डोकं फोडून घेणं. आमचा शिरस्ता असा की हवामान बघून सकाळी सहाला निरोप द्यायचा. गुहा बंद असेल तर स्पष्ट सांगायचं, ज्याला पैसे परत हवेत त्याला पूर्ण द्यायचे. हे पैसे आमच्या खिशातून जातात. गेली बारा वर्षं जातायत.

आता २०१८.

आमच्याकडे एक स्थानिक पोरगा मदतनीस होता. दोन सीझन होता. हुशार, गोड बोलायचा, प्रवाशांना आवडायचा. दर जुलैच्या मध्यावर गिअर ऑइल बदलायचं काम त्याच्याकडे. आमची एक वही आहे, तारीख, इंजिनाचे तास, काय बदललं, कोणी बदललं. १४ जुलैला त्याने लिहिलं, दोन्ही गिअरकेसचं तेल बदललं, आणि खाली सही. १ ऑगस्टला तो आमचं काम सोडून दुसऱ्या एका बोटवाल्याकडे गेला. जाताना आमचा पूर्ण मार्ग, थांब्यांच्या वेळा, जेवणाची जागा, सगळं घेऊन गेला. आठ दिवसांत तिकडच्या पाटीवर आमच्याच वेळा छापून आल्या. त्यावर एक ओळ जास्तीची होती: निळी गुहा हमखास दाखवू.

१९ ऑगस्टला आम्ही बुदिकोवात्सहून निघालो होतो. बोटीवर अकरा प्रवासी. दुपारचे अडीच वाजलेले, माएस्त्राल भरात. उजव्या इंजिनाच्या खालच्या बाजूने आधी घरघर आली, मग दगडावर पाटा फिरवल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. मी ते इंजिन बंद करून वर उचललं. पंख्यामागच्या दांड्याला मासेमारीची नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळली होती. तिने सील कापलं होतं. ड्रेन स्क्रू जरा सैल केला तर चहात दूध ओतल्यासारखं तेल बाहेर आलं. समुद्राचं पाणी आत जाऊन बेअरिंगं संपली होती. हे एका दिवसाचं काम नव्हे. तेल जुलैत बदललं असतं तर पाणी तेव्हाच दिसलं असतं.

एका इंजिनावर रिब पाण्यावर उठत नाही, पाणी कापत सरकते. ताशी सात सागरी मैल. ह्वारला पोचायला दोन तास, डाव्या बाजूने लाटा अंगावर. धोका नव्हता, मी कपितानियाला, म्हणजे बंदर कार्यालयाला, रेडिओवरून कळवलं होतं. पण माणसं भिजली, चौघांना उलट्या झाल्या. साताऱ्याचे एक डॉक्टर होते, सोबत पत्नी आणि सत्तरीच्या आई, ज्यांना पोहता येत नव्हतं. डॉक्टरांनी मला न विचारता निम्मं काम अंगावर घेतलं. ज्यांना मळमळत होतं त्यांना मागे आणून बसवलं आणि क्षितिजाकडे बघायला लावलं. आई शेवटपर्यंत माझ्या सीटची दांडी धरून उभ्या होत्या. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "बाळा, तू काही खाल्लंस का?"

त्या दोन तासांत ती दुसरी बोट आमच्या बाजूने गेली. पन्नास-साठ मीटरवरून. आमच्या जुन्या मदतनीसाने हात केला नाही, काही हवंय का म्हणून विचारलं नाही. त्याने फोन वर धरून फोटो काढला. इंजिन वर उचललेलं, प्रवासी भिजून बसलेले. दोन दिवसांत तो फोटो स्प्लिटमधल्या बऱ्याच होस्टेलांच्या रिसेप्शनवर फिरला. आम्हाला माणसं पाठवणाऱ्या नऊ जागांपैकी सात बंद झाल्या. कोणी भांडलं नाही, फोन उचलणं थांबवलं इतकंच.

ह्वारला उतरल्यावर मी सगळ्यांना कॅटामरानची, म्हणजे मोठ्या प्रवासी बोटीची, तिकिटं काढून दिली आणि सहलीचे पूर्ण पैसे मोजायला बसलो. डॉक्टरांनी त्यांचे पैसे माझ्या खिशात परत कोंबले. म्हणाले, "तांडेल, हे पुढच्या वर्षीचे धरा. आम्ही येणार आहोत." तेव्हापासून ते मला तांडेलच म्हणतात.

रात्री बोट कशीबशी आणून बार्बाला दाखवली. त्याने बॅटरी तोंडात धरून आधी त्या स्क्रूकडे बघितलं. मी समुद्रात उजवा स्क्रू सैल केला होता, त्याची रेघ मीच तोडली होती. डाव्या गिअरकेसवर हिवाळ्यात ओढलेली लाल रेघ अखंड होती. वहीत मात्र दोन्हींपुढे टिक आणि सही. बार्बाने ते पान माझ्यासमोर धरलं आणि एक शब्द न बोलता वही मिटली. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. कोर्टात जा म्हणून लोकांनी सांगितलं. बार्बा म्हणाला, कोर्टात सीझन जाईल.

नवी गिअरकेस, परत केलेले पैसे, रद्द झालेले दिवस, सगळं मिळून ४५,००० कुना (तेव्हाचं इथलं चलन). आमच्याकडे त्यातले पंधरा हजारही नव्हते. बँकेने हात वर केले. बायकोने बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. बार्बाने त्या तिच्याकडे सरकवल्या आणि उठून गेला. आठवड्याने पैसे आणून दिले. त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेली पासारा, छोटी लाकडी बोट, त्याने गावातच एकाला विकली होती. मी विचारलं तर म्हणाला, "बोट जमिनीवर होती. तुझी पाण्यात आहे."

त्यानंतर २०१९ला डॉक्टर सांगितल्याप्रमाणे आले, सोबत चौदा माणसं घेऊन. दोन दिवसांत सगळ्यांना नेलं. होस्टेलांशिवाय धंदा कसा चालतो ते त्या वर्षी कळलं: एक माणूस दुसऱ्याला सांगतो, तसा. त्या गटात एका कुटुंबाचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) एकाच प्रवेशाचा निघाला. तेव्हा क्रोएशिया शेंगेनमध्ये नव्हता, इथे आलं की एक प्रवेश संपला, परत इटलीत जायची पंचाईत. १ जानेवारी २०२३ला क्रोएशिया शेंगेनमध्ये गेला, त्याच दिवशी युरोही आला, आणि हा घोळ संपला. २०२० सगळ्यांचं गेलं तसं आमचंही गेलं. नंतरची वर्षं चांगली गेली.

इथे येणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. सहल पहिल्या दिवशी ठेवू नका. विमानाचा थकवा आणि लाटा एकत्र झेपत नाहीत. उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधीच घ्या, बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी पाण्यात जाते. पाठीचं दुखणं असेल तर मागे बसा, पुढच्या बाकावर प्रत्येक लाट मणक्याला लागते. बिशेवोला गुहेत जायला आपली बोट चालत नाही, तिथल्या छोट्या बोटीत बसायचं असतं, त्याचं तिकीट वेगळं, आणि ऑगस्टात रांग मोठी. पोहता येत नसेल तर लाजू नका, तसं सांगा, जॅकेट आम्ही स्वतः घालून बघतो. आणि गुहा हमखास दाखवू असं ज्याने छापलंय, त्याच्या बोटीत चढू नका. वाऱ्याची हमी कोणालाच देता येत नाही. कोणी या धंद्यात उतरणार असेल तर त्यानेही ऐकावं: जुनी बोट घेताना ताजा रंग बघून खूश होऊ नका. आधी गिअर ऑइल काढून बघा, रंग मग.

तो पोरगा अजून त्याच धक्क्यावर आहे. आता त्याच्या स्वतःच्या दोन बोटी आहेत. रोज सकाळी दिसतो. आम्ही बोलत नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही दुसरी रिब घेतली. बार्बा आता काम करत नाही, कोमिझाला असतो, पण पाण्यात उतरवायच्या दिवशी फेरीबोटीने आला. कोमिझात दर ६ डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी, डोंगरावरच्या चर्चसमोर एक जुनी लाकडी बोट जाळतात आणि तिची राख नव्या बोटीत घालतात. गेल्या डिसेंबरला त्याची पासारा जाळली. विकत घेणाऱ्याने ती बाहेरच ठेवली होती, फळ्या कुजल्या होत्या. बार्बा स्वतः तिथे उभा होता. त्याने खिशातून काडेपेटी काढली, आत राख होती.

फायबरच्या बोटीत लाकडी सांधा कुठला, राख घालणार कुठे? त्याने मला रेझिन कालवायला लावलं, झाकणभर. त्यात चिमटीने राख टाकली, काडीने ढवळली आणि मागच्या फळीखाली, इंजिनाच्या बोल्टाशेजारी, रुपयाएवढा काळा ठिपका लावला. मग पेटीतून लाल बाटली काढून त्याच्या कडेने एक रेघ ओढली. मी नाळेवर नारळ फोडला. रेझिन सुकेपर्यंत बायकोने आणलेली आंबोळी आम्ही धक्क्यावर बसून खाल्ली, आणि अकरा वाजता बोट पाण्यात उतरवली.