बचतीचा पाइप

अर्थसंकल्पानंतर पानठेल्यावर सिगारेटचा भाव पुन्हा वाढल्याचे कळले, त्या दुपारी मी पाइप ओढायचे ठरवले. आपल्याकडे सिगारेटवरचा कर तिच्या लांबीप्रमाणे ठरतो, म्हणून भाव चढले की नागपूरच्या धरमपेठेतले माझे समवयस्क किंग साइजवरून आखूड सिगारेटवर येतात आणि तेथून बिडीवर. खर्ऱ्याकडे, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखू-चुन्याकडे, वळलेले तर परत येतच नाहीत. मला मात्र काटकसर करायची होती, पण ती चारचौघांत दिसू द्यायची नव्हती.

हिशेब सरळ होता. पन्नास ग्रॅम तंबाखूच्या पाकिटात पाइप वीसेक वेळा भरतो, आणि संथपणे ओढला तर प्रत्येक वेळी पाऊण तास पुरतो. पुढे कळले की ओढून झालेला पाइप आतून ओलसर होतो व त्याला दिवसभर विसावा द्यावा लागतो. म्हणजे दुसरा पाइप आला. मग तंबाखू दाबायची दाबणी, नळी साफ करायच्या लवदार तारा, आणि काडेपेट्या तर किती लागतात ते विचारू नये, कारण पहिली काडी केवळ वरची तंबाखू फुगवून विझण्यासाठीच असते. बचतीच्या सामानासाठी एक खण रिकामा करावा लागला.

त्यात नागपूरचा उन्हाळा. पाइपची तंबाखू किंचित दमट असावी लागते. येथे मे महिन्यात तिचा भुगा होतो. डब्यात संत्र्याच्या सालीचा तुकडा रात्रभर ठेवावा, असा जुना उपाय आहे (अधिक ठेवल्यास बुरशी धरते), आणि संत्र्यांच्या शहरात तो सोपा वाटावा. परंतु हंगामातली शेवटची, मृग बहाराची संत्री मार्च-एप्रिलपर्यंत संपतात आणि सालीची खरी गरज त्यानंतर पडते. कूलरसमोर बसावे तर वाऱ्याने निखारा भडकून जीभ पोळते, कूलर बंद करावा तर घरातली माणसे भडकतात.

आमचे आजोबा भंडाऱ्याकडच्या गावी चिलीम ओढत. कुंभाराकडची मातीची चिलीम, तंबाखू खाली घसरू नये म्हणून आत टाकलेला वाटाण्याएवढा खडा, तोंडाशी ओल्या फडक्याची घडी. चुलीतला निखारा चिमट्याने आणून देण्याचा मान माझा असे. ते तो उघड्या बोटांनी उचलून चिलमीवर नीट बसवत, तेव्हा त्यांची बोटे भाजत कशी नाहीत, याचे मला फार नवल वाटे. तो खडा ते धुऊन, पुसून बंडीच्या खिशात ठेवत. चिलीम फुटली तरी खडा तोच. माझ्या दोन्ही पाइपांपेक्षा त्या सरंजामाला किती कमी पैसे लागत, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

पाइपचा धूर छातीत ओढायचा नसतो, म्हणून तो निरुपद्रवी, असे पाइपवाले एकमेकांना सांगतात. ओठ, जीभ आणि घसा यांच्या कर्करोगाला ते मान्य नाही. आजोबांच्या घशाची गाठ कळली तेव्हा त्यांना नागपूरला आणले. उपचार वर्षभर चालले आणि त्यासाठी नहराकाठचे दोन एकर धानाचे शेत विकावे लागले. बचतीच्या हिशेबात मी ते अजून धरलेले नाही.