मधलं साडेसहा कसलं?

दिवाळीआधी माळ्यावरून फराळाचे डबे काढताना कमरेत कळ आली, ती काही जाईना. वय ५७, आईलाही कंबरदुखी होती. घरच्यांनी निदान करूनच टाकलं. शेक, पट्टा, रोज पेनकिलर. या गोळ्या माझ्या किडनीला आणखी खात होत्या, हे फार उशिरा कळलं.

होळीपर्यंत एक जिना चढला तरी धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन ८.२. लोहाच्या गोळ्यांनी ते हललं नाही. तहान तहान व्हायची, पोट साफ नसायचं. ते रक्तातल्या वाढलेल्या कॅल्शियमचं लक्षण असेल असं कुणाच्या मनात येणार!

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जुने रिपोर्ट शेजारीशेजारी मांडले आणि पेनाने एक गोल काढला. एकूण प्रोटीन ९.६, अल्ब्युमिन ३.१. "काकू, मधलं साडेसहा कसलं?" एरवी हा फरक तीनच्या आसपास असतो म्हणे. मग इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रोटीन्स वेगवेगळी करून बघायची तपासणी. त्या आलेखात जिथे पसरट टेकडी हवी तिथे लिंगाण्यासारखा सुळका उभा. एम बँड, म्हणजे एकाच साच्यातलं जादा प्रोटीन.

बोन मॅरोसाठी कमरेच्या हाडात सुई घातली. जागा बधिर केलेली, पण मगज ओढताना पायापर्यंत जी ओढ बसली, ती सांगता येत नाही. अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी ४२ टक्के. मल्टिपल मायलोमा, म्हणजे याच पेशींचा कॅन्सर. कमरेतला मणका तर केव्हाच दबला होता.

आठवड्याला पोटात बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइडची कॅप्सूल २१ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी; किडनीमुळे डोस कमी. गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, नागीण उठू नये म्हणून वेगळी गोळी. हाडांच्या इंजेक्शनआधी दात तपासून घेतले. आणि डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड! त्या रात्री झोप नाहीच. पहाटे तीनला मी मसाल्याच्या बरण्या घासत बसायचे.

पुढे माझ्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून ठेवल्या, मेलफॅलन नावाची जोरदार केमो दिली आणि मग त्या पेशी परत सोडल्या. केमो चालू असताना बर्फ चघळायला लावतात, तोंड कमी सोलवटतं. अकराव्या दिवशी रक्तातल्या पेशी वर यायला लागल्या.

आता रोज एक कॅप्सूल चालू आहे. तळपायांना मुंग्या राहिल्यात, चप्पल निसटली तरी कळत नाही. एम बँड दिसत नाही. "गेला का?" विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "दबलाय." तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचंय.