एकटीने सायकलवर, रेडिंग ते बाथ

"एकटी कशी गं जातेस? सायकल बिघडली, अंधार पडला, मग?" सुट्टीत कालव्याकाठी सायकलवर निघते म्हटलं की सांगलीच्या मावशीपासून इथे इंग्लंडमधल्या मंडळातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या हेच विचारतात. विचारण्यात काळजी असते आणि बऱ्याचदा स्वतःलाही जावंसं वाटत असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्यांदा एकटीने जायचं असेल तर केनेट-ॲव्हन कालवा निवडा. रेडिंग ते ब्रिस्टल हा जलमार्ग सुमारे १४० किलोमीटरचा आहे, पण आपण बाथलाच थांबायचं. न्यूबरी ते बाथ हा खोदलेला भाग जॉन रेनी या इंजिनिअरच्या देखरेखीखाली १७९४ ते १८१० या काळात झाला. बोटी घोडे ओढत, म्हणून पाण्यालगत त्यांच्यासाठी वाट ठेवली. तोच आजचा टोपाथ. तो बहुतेक सपाट आहे, चढ लागतो तो लॉकपाशी. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात.

एकटीला सगळ्यात मोठा आधार रेल्वेचा. १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली आणि कालव्याचा धंदा बसला. १८५२ मध्ये तर ग्रेट वेस्टर्न रेल्वेने कालवाच विकत घेतला. आज मात्र न्यूबरी, किंटबरी, हंगरफर्ड, बेडविन, प्यूसी ही स्टेशनं कालव्याच्या अगदी जवळ आहेत. पाय दुखले, पावसाने झोडपलं, तर सायकल ढकलत स्टेशन गाठायचं. प्यूसीच्या पुढे मात्र थेट ट्रोब्रिजपर्यंत स्टेशन नाही, डिव्हायझेसचं १९६६ मध्येच बंद झालं. म्हणून त्या टप्प्यावर जास्तीची ट्यूब, पंप आणि भरपूर पाणी हवंच. तिथला टोपाथही अरुंद आणि गवताळ आहे. राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ४ तुम्हाला शेतांमधल्या शांत रस्त्यांनी नेतो, मी तोच घेते.

मुक्काम न्यूबरी, प्यूसी, डिव्हायझेस आणि बाथ. रोजचं अंतर वीस ते चाळीस किलोमीटरच्या आसपास येतं. "एवढंच?" असं अनेकींना वाटतं. पण वाटेत थांबायचं नसेल तर हा कालवा निवडण्यात अर्थ नाही. मी आधी थांबे ठरवते, किलोमीटर नंतर मोजते.

क्रॉफ्टनचंच घ्या. इथे कालवा सगळ्यात उंचावर असतो. बोट लॉकमधून गेली की वरचं पाणी खाली जातं, ते पुन्हा वर चढवावं लागतं. त्यासाठी इथे पंपघर बांधलं. त्यातलं १८१२ चं बोल्टन आणि वॉट कंपनीचं वाफेचं इंजिन अजून चालतं, जागेवरून न हलता मूळचंच काम करतं. रोजचं काम आता विजेचे पंप करतात, पण ठरावीक दिवशी बॉयलर पेटवतात. ते दिवस बघूनच मी तारखा ठरवते. कोळशाचा आणि गरम तेलाचा वास, डोक्यावर संथपणे वर-खाली होणारी ओतीव लोखंडाची प्रचंड तुळई आणि दर हेलकाव्याला उसळणारं पाणी. दोन तास सहज जातात.

तिथून जवळच विल्टनची पवनचक्की आहे, १८२१ ची. कालव्याने बेडविन नदीचं पाणी घेतलं, तिच्यावरच्या पाणचक्क्या अडल्या, म्हणून दळणासाठी वाऱ्याकडे वळावं लागलं. पंपघर पाहून लगेच ही चक्की बघा. पाणी कुणाला मिळालं आणि कुणाचं गेलं, हे दोन्ही एका दुपारी दिसतं.

प्यूसी-डिव्हायझेस अंतर कमी आहे, त्यामुळे एव्हबरीला वळसा घालता येतो. चढ आहे, पण सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शिळावर्तुळात गाव वसलंय आणि शिळांना हात लावता येतो.

डिव्हायझेसला केन हिल. दोन मैलांत २९ लॉक, त्यातले १६ एकाखाली एक उतारावर. ते इतके जवळजवळ आहेत की पाणी साठवायला प्रत्येकाच्या बाजूला वेगळं तळं खोदावं लागलं. सगळे लॉक पार करायला बोटीला निम्मा दिवस लागतो. तुम्ही सायकलवरून उतरा आणि चालत जा. विसाव्या शतकात हा कालवा जवळजवळ मेला होता. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं गाळ उपसून, दारं बदलून तो उभा केला आणि १९९० मध्ये राणीने इथेच तो पुन्हा खुला केला. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणजे बाथकडे जाताना तोंडावर. तरीही मी याच दिशेने जा म्हणते, कारण ॲव्हनक्लिफ आणि डंडास इथे कालवा दगडी पुलांवरून ॲव्हन नदी ओलांडतो. ते शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावं.

आता भीतीचं. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो. तरी मी सहापर्यंत मुक्कामी पोचते आणि खोली आधीच ठरवलेली असते. काठाला बोटींवर राहणारे लोक असतात, नमस्कार-चमत्कार होतो, पंप मागितला तर मिळतो. टोपाथवर पहिला मान चालणाऱ्यांचा. पुलाखाली समोरचं दिसत नाही, तिथे हळू जा आणि घंटी वाजवा. मासे धरणाऱ्यांच्या लांबलचक काठ्या वाटेवर आडव्या असतात, त्या उचलेपर्यंत थांबा.

बाथहून परतीच्या गाडीत सायकलची जागा मात्र तिकिटाबरोबरच आरक्षित करा. लांब पल्ल्याच्या गाड्यांत ती मोजकीच असते.