स्टुअर्ड आल्याशिवाय बोलायचं नाही: माझा अनुभव

सकाळी ट्रक भरताना सुपरवायझर पार्सलांच्या सरकत्या बेल्टजवळ येऊन हळूच म्हणतो, "जरा ऑफिसात ये, दोनच मिनिटं." ती दोन मिनिटं कधीच नसतात. मी न्यू जर्सीत पार्सल डिलिव्हरीचा ट्रक चालवतो, सातवं वर्ष चालू आहे, टीमस्टर्स युनियनचा मेंबर आहे, आणि या सात वर्षांत मला असं दोनदा आत बोलावलं. पहिल्यांदा एकटा गेलो, दुसऱ्यांदा स्टुअर्डला, म्हणजे आमच्यातल्याच युनियनच्या प्रतिनिधीला, घेऊन गेलो. दोन्ही वेळचं सांगतो, कारण आपल्यातलं कोणी या लाईनीत आलं तर त्याला हे आधी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पहिली वेळ तिसऱ्या वर्षातली. मॅनेजरच्या हातात प्रिंटआऊट होता. आमच्या ट्रकमध्ये सेन्सर असतात, गाडी कुठे किती वेळ थांबली, मागचं दार कधी उघडलं, सीटबेल्ट लावला होता की नाही, रिव्हर्स किती घेतला, सगळं नोंदवलं जातं. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं, नऊ दिवसांपूर्वीची ओळ, गाडी एकाच जागी २३ मिनिटं उभी. "इथे काय करत होतास?"

आता नऊ दिवसांत मी जवळपास हजार स्टॉप केलेले, त्यातला एक कसा आठवणार? पण गप्प राहिलो तर चोरासारखा दिसेन असं वाटलं, आणि समोरचा माणूस शांतपणे बघतोय, म्हणून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की बाथरूमला थांबलो असेन, पाच-सात मिनिटं. त्याने ते लिहून घेतलं. मग विचारलं, मग उरलेला वेळ? मी म्हणालो कदाचित फोन आला असेल. तेही लिहून घेतलं.

रात्री घरी भांडी घासताना एकदम आठवलं. त्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती! चौदा पार्सलं मी जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत चढवली होती, तीन खेपा केल्या होत्या. म्हणजे ती २३ मिनिटं मी घाम गाळत कामच करत होतो आणि माझ्याच तोंडाने मी तो टाईमपास आहे असं सांगून आलो होतो. वॉर्निंग लेटर आलं ते थांबल्याबद्दल नाही, चौकशीत खरं सांगितलं नाही म्हणून आलं. ग्रीव्हन्स, म्हणजे युनियनतर्फे रीतसर तक्रार, टाकली, पण कागदावर शब्द माझे होते, त्याला कोण काय करणार, आमच्या कॉन्ट्रॅक्टप्रमाणे ते लेटर नऊ महिने फाईलला राहिलं. त्या नऊ महिन्यांत सुपरवायझर नुसता माझ्या दिशेने चालत आला तरी पोटात गोळा यायचा.

आमचा स्टुअर्ड म्हणजे सव्वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. त्याने मला तेव्हा रागावून नाही, समोर बसवून समजावलं. अमेरिकेत युनियनवाल्या कामगाराला एक हक्क आहे, सगळे त्याला वाइनगार्टन म्हणतात, १९७५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावरून. ज्या चौकशीतून आपल्यावर कारवाई होऊ शकते असं आपल्याला रास्तपणे वाटतं, त्या चौकशीत युनियनचा माणूस बरोबर मागता येतो. पण मागायचा आपणच. मॅनेजमेंटवर तुम्हाला सांगायचं बंधन नाही, आणि म्हणूनच ते सांगत नाहीत. तुम्ही मागितलात की त्यांच्यापुढे तीन रस्ते उरतात, स्टुअर्डला बोलवा, नाहीतर चौकशी थांबवा, नाहीतर तुम्हाला विचारा की एकट्याने बोलणार का चौकशीच सोडायची. नुसती सूचना द्यायला बोलावलं असेल, उदाहरणार्थ उद्यापासून पार्सलं अशी लाव, तर हा हक्क लागू होत नाही. आणि हा गप्प बसायचा हक्क नाही, स्टुअर्ड आल्यावर उत्तर द्यावंच लागतं, हे बऱ्याच जणांना कळत नाही.

त्या केसची गोष्ट मला फार लागली. टेक्सासमधल्या एका दुकानाच्या लंच काउंटरवर काम करणारी बाई, १९७२ साल. २ डॉलर ९८ सेंटचं चिकन घेऊन १ डॉलरच दिला असा तिच्यावर आरोप. ती म्हणाली छोटे डबे संपले होते म्हणून १ डॉलरचेच चार तुकडे मोठ्या डब्यात ठेवले, चौकशी करणाऱ्या कंपनीच्या माणसाने खातरजमा केली तर तिचं म्हणणं पटलं, तिची माफी मागितली. प्रकरण तिथेच संपलं होतं बघा. पण तिला रडू फुटलं आणि रडता रडता ती बोलून गेली की मी फुकट जेवण सोडून दुकानातून कधी काही नेलं नाही. झालं, जेवणावरून नवी चौकशी सुरू. मग कळलं की त्या काउंटरवर जवळजवळ सगळेच, अगदी तिथला मॅनेजरसुद्धा, फुकट जेवायचे. ती पुन्हा पुन्हा युनियनचा माणूस मागत होती आणि तिला नाही म्हणत होते. ऐकताना माझ्या डोळ्यासमोर माझीच खुर्ची आली.

दुसरी वेळ गेल्या हिवाळ्यातली, आणि ही मोठी होती. खोलीत मॅनेजर आणि शेजारी सिक्युरिटीचा एक माणूस जो मी कधी पाहिला नव्हता. एका कस्टमरचं महागडं पार्सल पोचलं नाही अशी तक्रार, माझ्या स्कॅनरवर मात्र डिलिव्हर्ड. चोरीचा आरोप म्हणजे आमच्याकडे लेटरबिटर नाही, थेट नोकरी. मी बसायच्या आधीच विचारलं, यातून माझ्यावर कारवाई होऊ शकते का? "अरे नाही रे, नुसतं बोलायचंय." मी म्हटलं मग सिक्युरिटीवाले कशाला आलेत, मला स्टुअर्ड हवा, तो येईपर्यंत मी बाहेर थांबतो. आवाज कापत होता माझा, खोटं कशाला बोलू, पण शब्द बरोबर आले, कारण आरशासमोर कितीतरी वेळा म्हणून बघितले होते.

स्टुअर्ड आला तसा त्याने आधी कशाबद्दल आहे ते विचारून घेतलं, मग मला बाजूला नेलं, लॉकरपाशी, दहा मिनिटं. त्याचं म्हणणं एवढंच, जे विचारलं तेवढंच सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, अंदाज बांधू नकोस, एकही शब्द खोटा नको, आणि मी पेन वहीवर आडवं ठेवलं की थांब.

आत गेल्यावर सिक्युरिटीवाल्याची पद्धत कळली. प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचं, आणि मग काहीच बोलायचं नाही. नुसतं बघत बसायचं. पंधरा सेकंद, वीस सेकंद. ती शांतता अशी असते की आपल्याला वाटतं आपण काहीतरी अर्धवट सांगितलं, भर घालावी. मी तोंड उघडलंच होतं आणि स्टुअर्डने पेन आडवं ठेवलं. मी गप्प. घड्याळाचा आवाज येत होता. शेवटी समोरच्यालाच पुढचा प्रश्न विचारावा लागला.

"पार्सल कोणाच्या हातात दिलंस?" आठवत नाही, रेकॉर्ड दाखवाल का. त्यांनी स्क्रीन फिरवली. स्कॅनची वेळ आणि जागा त्याच पत्त्यावरची होती, गाडी दारासमोर उभी, मागचं दार उघडल्याची नोंद त्याच्या मिनिटभर आधीची. मी म्हटलं त्या घराला मी नेहमी साईडच्या पोर्चवर ठेवतो, त्या दिवशीचं मात्र मला नक्की आठवत नाही. एवढंच. स्टेटमेंट लिहून मागितलं तर तेवढ्याच दोन ओळी लिहिल्या आणि स्टुअर्डने तिथल्या तिथे कॉपी मागून घेतली. तो स्वतः अख्खा वेळ लिहीत होता, कोण कोण होतं, किती वाजता सुरू, प्रश्न शब्दन् शब्द.

तीन आठवडे धड झोप नव्हती. मग काहीच आलं नाही, ना लेटर ना पुन्हा बोलावणं. पार्सलचं काय झालं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही आणि याचा मला अजूनही राग आहे, माणसावर चोरीचा संशय घेतलात तर तो मिटल्याचं एक वाक्य तरी त्याला सांगायला हवं ना.

तेव्हापासून शर्टच्या खिशात छोटी डायरी असते. लिफ्ट बंद, गेट लॉक, ट्रेनच्या फाटकावर अडकलो, कुत्रा सुटा होता, जे काही वेगळं घडेल ते वेळेसकट दोन शब्दांत. लिहायला दहा सेकंद लागतात.

गेल्या महिन्यात नवीन लागलेल्या एका पोराला सुपरवायझर बेल्टवरून घेऊन चालला होता, तेच ते "दोनच मिनिटं". पोराचा चेहरा उतरलेला. मी हातातलं पार्सल खाली ठेवलं आणि अख्ख्या बेल्टला ऐकू जाईल असं ओरडलो, "स्टुअर्ड माग! आधी स्टुअर्ड माग!" तो दारातच थांबला, वळला, आणि त्याने मागितला.