तुम्ही विचारलंत म्हणून : एडिटर काढून पुन्हा टाकावा का?

नागपूरच्या आयटी पार्कात नव्याने नोकरीला लागलेली मुले आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात : "मॅडम, सेटिंग बदलली तरी लागू होत नाही, एखादं नाव सगळीकडे बदलायला रिनेम केलं की अर्धा कोड तसाच राहतो, व्हीएस कोड काढून पुन्हा इन्स्टॉल करू का?" माझे उत्तर बहुधा 'नको' असे असते. त्याचे कारण घाईघाईत सांगता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा एडिटर; तो काढून टाकल्याने तुमच्या सेटिंग्ज जात नाहीत, हे आधी लक्षात घ्या. विंडोजवर त्या ॲपडेटा फोल्डरच्या आत, 'सेटिंग्ज डॉट जेसन' या फाइलमध्ये असतात आणि एक्सटेन्शन, म्हणजे एडिटरला जोडलेली जादा साधने, तुमच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट व्हीएसकोड' या फोल्डरात असतात. नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल केले तरी हे दोन्ही फोल्डर जागेवर राहतात. नव्याने टाकलेला एडिटर तेच वाचतो आणि दोष जसाच्या तसा पुढे येतो.

खरा प्रश्न असतो तो हा की, तुम्ही बदललेली सेटिंग कोणत्या पातळीवरची आहे आणि तिच्यावर मात करणारी दुसरी कुठे बसली आहे. मूळ सेटिंग्जवर तुमच्या स्वतःच्या म्हणजे युजर सेटिंग्ज असतात आणि त्यांच्यावर प्रकल्पाच्या फोल्डरातल्या वर्कस्पेस सेटिंग्ज असतात. एवढे बहुतेकांना माहीत असते. मात्र एका विशिष्ट प्रोग्रॅमिंग भाषेसाठी लिहिलेली सेटिंग सर्वसाधारण सेटिंगपेक्षा नेहमीच वरचढ ठरते, मग ती सर्वसाधारण सेटिंग प्रकल्पाची का असेना, हा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. टीमने प्रकल्पात टॅबची रुंदी, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, २ ठेवली, पण तुमच्या युजर सेटिंग्जमध्ये चौकोनी कंसात पायथन लिहून ती ४ केलेली असेल, तर पायथनच्या फाइलीत ४ हीच लागू होईल. शिवाय एडिटर फाइल उघडताना तिच्यातला मजकूर पाहून रुंदीचा अंदाज स्वतः बांधतो, आणि तो अंदाज तुमच्या आकड्याला बाजूला सारतो. त्यामुळे सेटिंग्जच्या शोधपट्टीत '@मॉडिफाइड' हे इंग्रजी अक्षरांत लिहून आधी बदललेल्या सेटिंग्ज पाहाव्यात. तीच सेटिंग दुसऱ्या पातळीवरही बदललेली असेल, तर तशी नोंद तिच्या नावाशेजारीच दिसते.

सेव्ह करताच कोडची मांडणी बदलते, अशी तक्रार असेल, तर एकाच भाषेसाठी एकाहून अधिक फॉरमॅटर (मांडणी करणारी साधने) बसवले आहेत का ते पाहावे आणि त्यांपैकी एकाला डिफॉल्ट ठरवावे. कोणते एक्सटेन्शन त्रास देते हे कळत नसेल, तर एकेक बंद करत बसू नये. कमांड पॅलेटमध्ये, म्हणजे एडिटरच्या आज्ञांच्या यादीत, 'एक्सटेन्शन बायसेक्ट' आहे. ते दर फेरीत निम्मी एक्सटेन्शन बंद करून दोष उरला की गेला एवढेच विचारते. ३२ एक्सटेन्शन असली तरी पाच-सहा फेऱ्यांत दोषी सापडते.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) प्रोग्रॅम नीट चालतो, पण एडिटर इम्पोर्टखाली, म्हणजे दुसरा कोड आत घेणाऱ्या ओळीखाली, रेघ ओढतो, हे पायथनमध्ये सर्रास घडते. एडिटरने निवडलेला इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) वेगळा आणि टर्मिनलमधला वेगळा, एवढेच त्याचे कारण बहुधा असते. प्रकल्पाचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पापुरते वेगळे ठेवलेले पायथन, निवडले की रेघ जाते.

रिनेमच्या तक्रारीकडे मात्र मी अधिक गांभीर्याने पाहते, कारण तिथली चूक ग्राहकापर्यंत पोहोचू शकते. व्हीएस कोडमध्ये कोडचा अर्थ बव्हंशी भाषेचा सर्व्हर, म्हणजे त्या भाषेचा कोड समजून घेणारा वेगळा प्रोग्रॅम, लावतो; एडिटर आणि सर्व्हर यांच्या संवादाचा समान प्रोटोकॉल २०१६ मध्ये जाहीर झाला. रिनेमसाठी एफ २ दाबल्यावर नाव कुठे कुठे बदलायचे हे तो सर्व्हर ठरवतो, आणि त्याला प्रकल्प जेवढा दिसतो तेवढ्यातच ठरवतो. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात प्रकल्पात कोणत्या फाइली येतात हे सांगणारी 'जेएसकॉन्फिग' फाइल नसेल, तर तुम्ही उघडलेली फाइल ज्या फाइली इम्पोर्ट करते त्या त्याला कळतात. पण तिला इम्पोर्ट करणाऱ्या आणि त्या वेळी न उघडलेल्या फाइली त्याच्या गावीही नसतात. नाव अर्धवट बदलते ते यामुळे. ती छोटी फाइल प्रकल्पाच्या मुळाशी ठेवणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

तरीही काही जागा कोणत्याही सर्व्हरला विश्वासाने दिसत नाहीत. पायथनमध्ये 'गेट-ॲट्रिब्यूट' वापरून स्ट्रिंगमधून हाक मारलेले नाव, एचटीएमएल टेम्पलेटमधले नाव, एसक्यूएलमधला (डेटाबेसच्या भाषेतला) स्तंभ, जेसनची की, हे सगळे एडिटरच्या लेखी निव्वळ मजकूर असते. म्हणून रिनेम करण्यापूर्वी प्रिव्ह्यू पाहावा आणि नंतर जुन्या नावाचा संपूर्ण प्रकल्पात साधा मजकूर-शोध घ्यावा. इंटेलिजे या दुसऱ्या एडिटरमध्ये कॉमेंट, स्ट्रिंग आणि इतर मजकुरात शोधण्याचा पर्याय रिनेमच्या चौकटीतच मिळतो, ही सोय मला मनापासून आवडते.

मराठी मजकूर असलेल्या प्रकल्पात या शोधाला आणखी एक अडचण येते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र नुक्त्याच्या (अक्षराखालच्या टिंबाच्या) स्वतंत्र ऱ या अक्षराने लिहिता येतो, साध्या र ला वेगळा नुक्ता जोडून लिहिता येतो, किंवा र, हलंत आणि न दिसणारा जॉइनर वापरूनही लिहिता येतो. पडद्यावर हे प्रकार सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्रणेला ते वेगवेगळे वाटू शकतात. लेबल बदलताना ते कीबोर्डवरून पुन्हा टाइप न करता मूळ फाइलीतून कॉपी करूनच शोधावे आणि टीमने एकच लेखनपद्धत ठरवून घ्यावी.

फाइलीच्या नावात फक्त लहान-मोठ्या अक्षराचा फरक केला, तर विंडोजवर सारे सुरळीत चालते आणि लिनक्स सर्व्हरवर चढवताच इम्पोर्ट मोडतो, कारण गिटने, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीने, तो बदल नोंदवलेलाच नसतो. असे नाव 'गिट एमव्ही' या आज्ञेनेच बदलावे. एका फंक्शनचे नाव बदलले आणि गिटमध्ये सगळी फाइलच बदललेली दिसली, तर ओळींच्या शेवटाची चिन्हे बदलली असण्याची शक्यता मोठी आहे. 'गिटॲट्रिब्यूट्स' फाइलीत ती एकदा ठरवून टाकावीत.

विल्यम ओपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या १९९२ च्या प्रबंधात रिफॅक्टरिंगसाठी, म्हणजे कोडची रचना सुधारण्यासाठी, प्रोग्रॅमचे वर्तन तसेच राहण्याची अट घातली होती. एडिटर ही अट तुमच्या वतीने पूर्णपणे पाळू शकत नाही, म्हणून रिनेम, फॉरमॅटिंग आणि नवे काम यांचे कमिट (गिटमधल्या बदलांच्या नोंदी) वेगवेगळे ठेवावेत आणि प्रत्येकानंतर टेस्ट चालवाव्यात, असा माझा आग्रह असतो.

पुन्हा इन्स्टॉल करणे योग्य ठरते असा एक प्रसंग मात्र आहे. आपले इन्स्टॉलेशन बिघडलेले दिसते, असा इशारा व्हीएस कोड स्वतःच देतो तेव्हा. एडिटरचे रूप बदलण्यासाठी त्याच्या मूळ फाइलींत फेरफार करणाऱ्या काही एक्सटेन्शनमुळेही हा इशारा येतो, म्हणून तसे एक्सटेन्शन असल्यास ते आधी काढावे आणि मग एडिटर नव्याने टाकावा. सेटिंग्ज वर सांगितलेल्या फोल्डरात सुरक्षित राहतात.