मीटरवरच्या स्टिकरच्या आधी काय काय होतं

रेडिएशन मोजायच्या प्रत्येक सर्व्हे मीटरवर कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते बरोबर दाखवतं का हे तपासून जुळवल्याचा, एक स्टिकर असतो, झालेली तारीख, पुढची तारीख आणि सही, आणि बहुतेक जण तेवढं बघून मीटर उचलतात आणि कामाला लागतात. माझं काम तो स्टिकर लागायच्या आधीचं. इतकी वर्षं हे करताना एक गोष्ट मनात पक्की बसलीये, ती म्हणजे कमी दाखवणाऱ्या मीटरची भीती बाळगायची. जास्त दाखवलं तर काम थांबतं, लोक वैतागतात, कोणीतरी दुसरं मीटर आणतं आणि खरं काय ते कळतं. कमी दाखवलं तर कोणाला काहीच वाटत नाही, माणूस आत जातो आणि ठरल्यापेक्षा जास्त डोस घेऊन बाहेर येतो. अणुवीज केंद्रात कोणी कुठे किती वेळ थांबायचं हे त्याच आकड्यावरून ठरतं, आणि वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (हे डोसचं एकक) मर्यादा पाळायची तर तो आकडा खरा हवा.

म्हणून मीटर बेंचवर आलं की लगेच ॲडजस्ट करायला घ्यायचं नाही. आधी जसं आलं तसं फील्डमध्ये, म्हणजे किती आहे ते माहीत असलेल्या रेडिएशनमध्ये, ठेवायचं, काय दाखवतं ते लिहायचं, ह्याला ॲज फाउंड रीडिंग म्हणतात. नव्याने आलेल्या मुलांना ही पायरी उगाच वाटते, आपण ते नीट करणारच आहोत तर आधीचं चुकीचं रीडिंग कशाला हवं असं विचारतात. पण समजा ते ३० टक्के कमी दाखवत होतं, तर मागच्या कॅलिब्रेशनपासून त्या मीटरने घेतलेला एकेक सर्व्हे आता शंकेत आला, मग ते सगळे रेकॉर्ड काढा, कोण कुठल्या खोलीत किती वेळ होतं ते बघा, त्यांच्या अंगावरच्या डोसीमीटरशी ताडून बघा. आधीच ॲडजस्ट केलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं. माझ्या मते पूर्ण कॅलिब्रेशनमधलं सगळ्यात महत्त्वाचं रीडिंग हेच.

पद्धत दिसायला सोपी आहे, शिशाच्या जाड कवचात किरणोत्सर्गी सिझियम-१३७ चा सोर्स, समोर रुळांवर सरकणारी ट्रॉली, ट्रॉलीवर मीटर. कुठल्या अंतरावर फील्ड किती हे आधी रेफरन्स आयन चेंबरने (रेडिएशनमुळे आतल्या हवेत तयार होणारा करंट मोजणारा डिटेक्टर) मोजलेलं असतं, तो चेंबर स्टँडर्ड लॅबमधून तपासून आलेला असतो, आणि त्या लॅबचं स्टँडर्ड आणखी वरच्या लॅबशी जोडलेलं असतं, अशी साखळी वरपर्यंत जाते. पण अंतराच्या वर्गाचा नियम फार कडक आहे, अंतर दुप्पट झालं की फील्ड चौथाईवर येतं. १ मीटरवर १ सेंटिमीटरची चूक झाली तर फरक २ टक्के, तीच चूक २० सेंटिमीटरवर झाली की फरक १० टक्क्यांच्या आसपास जातो. आणि अंतर मोजायचं ते डिटेक्टरच्या मध्यापासून, डब्याच्या पुढच्या पत्र्यापासून नाही. सोर्सचं वयही धरावं लागतं, सिझियम वर्षाला साधारण २.३ टक्के कमी होतं पण कोबाल्ट-६० जवळजवळ १२ टक्के, त्यामुळे टेबलमधला जुना आकडा वापरला की मीटर नाही तर आपण चुकतोय. हवेला उघड्या आयन चेंबरला तर त्या दिवशीचं तापमान आणि हवेचा दाबसुद्धा लागतो.

आता खरी अवघड गोष्ट. सिझियमच्या गॅमा किरणांची एनर्जी ६६२ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट), मीटर तिथे बरोबर दाखवतं एवढंच मी सिद्ध केलं. साधी जीएम ट्यूब (गायगर-म्युलर, प्रत्येक किरण टिपला की एक पल्स देणारा डिटेक्टर) ६० केईव्हीच्या आसपास कित्येक पट जास्त दाखवते, म्हणून तिच्यावर धातूचा फिल्टर चढवतात. दुसऱ्या टोकाला चालू रिॲक्टरच्या पाण्यात नायट्रोजन-१६ तयार होतो, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायचा वेळ, फक्त ७ सेकंद पण गॅमा ६ एमईव्हीच्या (६००० केईव्हीच्या) वर, म्हणजे मी तपासलं त्याच्या नऊ पट. तिथे डिटेक्टरचा एनर्जी रिस्पॉन्स माहीत नसेल तर स्टिकर असून उपयोग नाही. चिमणीवरचा आयोडीन मॉनिटर तपासायची सोय मात्र मला फार आवडते. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, ते कपाटात सांभाळून ठेवता येत नाही, म्हणून बेरियम-१३३ वापरतात, त्याचा मुख्य गॅमा ३५६ केईव्ही आणि आयोडीनचा ३६४, इतके जवळ की डिटेक्टरचं काम भागतं, आणि बेरियमला निम्मं व्हायला दहा वर्षांहून जास्त लागतात.

आणि रेंज. जीएम ट्यूब एक पल्स दिल्यावर क्षणभर आंधळी असते, फील्ड खूपच वाढलं की ती सतत आंधळीच राहते आणि जुन्या मीटरचा काटा उलटा शून्याकडे यायला लागतो, म्हणजे जिथे पळायला हवं तिथे मीटर काही नाही म्हणतं. म्हणून रेंजच्या वरचं फील्ड देऊन मीटर ओव्हरलोड दाखवतंय की नाही हे बघणं मी कधीच सोडत नाही. १९८६ ला चेर्नोबिलमध्ये पहिल्या काही तासांत हाताशी असलेले बरेचसे मीटर ३.६ रॉन्टजेन (रेडिएशनचं जुनं एकक) प्रति तासाला संपत होते, प्रत्यक्षात काही ठिकाणी हजारोंमध्ये होतं. मीटर खोटं बोललं नाही, त्याचं स्केल तिथे संपलं, पण वर कळवताना तोच आकडा रीडिंग म्हणून गेला. हे वाचलं की अजून पोटात गोळा येतो.

त्याआधी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातातही बाहेर जाणाऱ्या वायूंचे मॉनिटर स्केलबाहेर गेले होते. त्यानंतर अमेरिकेच्या नियामकांनी कंटेनमेंटच्या, म्हणजे रिॲक्टरभोवतीच्या बंदिस्त इमारतीच्या, आत १ कोटी रॉन्टजेन प्रति तासापर्यंत मोजणारे मॉनिटर सक्तीचे केले. एवढं फील्ड जागेवर जाऊन कोण देणार? म्हणून नियमच असा आहे की १० रॉन्टजेन प्रति तासाच्या खालचा किमान एक दसपटीचा टप्पा सोर्सने तपासायचा आणि त्याच्या वरचे सगळे टप्पे चेंबरऐवजी तेवढाच करंट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देऊन. यात मीटर, केबलची जोडणी आणि अलार्म तपासून होतो, पण प्रत्यक्ष चेंबर वरच्या फील्डमध्ये कसा वागेल हे बनवणाऱ्याच्या टेस्टवरच अवलंबून राहतं. त्यामुळे अशा मॉनिटरवर सही करताना मी फाइलमधला तो टेस्ट रिपोर्ट दरवेळी काढून वाचते, चेंबरचा सीरियल नंबर जुळतो का ते बघते, आणि चेंबर कधी बदलला असेल तर नव्याचा रिपोर्ट आल्याशिवाय पेन उचलत नाही, मग कितीही घाई असो.